फँटसीत लॉजिक कुठं शोधतो बे?

पुस्तकावरच्या फँटसी पिक्चरमध्ये एखाद्यानं खोट काढली की सोलापुरात उत्तर ठरलेलं, 'जादूचा पिक्चर आहे बे, त्यात कुठं लॉजिक शोधतो'. पण हा वाद लई जुना आहे. 1817 मध्ये कोलरिज नावाच्या इंग्रज कवीनं लिहिलं की अद्भुत काही वाचताना माणूस आपल्या मर्जीनं अविश्वास बाजूला ठेवतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनला ते पटलं नाही. मार्च 1939 मध्ये स्कॉटलंडला व्याख्यान देताना तो म्हणाला, लेखकानं जग नीट रचलं असेल तर वाचकाला मुद्दाम काही बाजूला ठेवावंच लागत नाही, गोष्ट त्या जगाच्या नियमात बसते तोवर खरीच वाटते, आणि शंका आली की खेळ खलास. हिरवा सूर्य असं कोणीही लिहील, पण तो खरा वाटेल असं जग उभं करायला घाम गाळावा लागतो.

खरं तर गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं, आधी 68 लिंगांना तैलाभिषेक, मग अक्षता, मग होम, क्रम कधी चुकत नाही, आणि दंडाशी लग्न कसं काय असं तिथं कोणी विचारतही नाही.

त्याच 1939 च्या ऑगस्टमध्ये 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा पिक्चर आला. 1900 च्या पुस्तकात ऑझ हा खराखुरा देश, पिक्चरमध्ये मात्र शेवटी ते नायिका डोरोथीचं स्वप्न निघतं. गाजला भरपूर, पण मला तरी हा पळपुटेपणाच वाटतो.

पुढं 1958 मध्ये टोल्किनच्याच 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पिक्चरची पटकथा त्याच्याकडं आली आणि गडी भडकला. पटकथा लिहिणाऱ्यानं जिथं तिथं माणसं वाहून नेणारे अजस्र गरुड घुसडले होते. टोल्किननं पत्रात बजावलं की गरुड जपूनच वापरायचे असतात, कारण ते कधीही येऊन उचलून नेणार असतील तर बाकीच्यांनी पायपीट कशाला करायची? तो पिक्चर काही झाला नाही.

माझ्या मते खरी गडबड कात्रीत आहे. नियम जिथं सांगितलाय तो सीन उडतो आणि नियम वापरलेला सीन राहतो. हॅरी पॉटरचा तिसरा भाग (2004) घ्या. पुस्तकात हॅरी पांघरुणात टॉर्च लावून होमवर्क करतो, कारण शाळेबाहेर जादू करायला बंदी. पिक्चरमध्ये त्याच पांघरुणात तो छडीनं उजेड पाडतो, कोणी काही बोलत नाही, आणि थोड्याच वेळात आत्याबाई फुगून उडाल्यावर तोच म्हणतो, मी कायदा मोडला! तो जादूचा नकाशा कोणी बनवला तेही सांगितलेलं नाही, मग ल्युपिन सरांना तो ओळखू कसा येतो? पुस्तक न वाचलेल्यानं काय समजायचं ओ?

आपल्याकडं उलटं उदाहरण आहे, 'तुंबाड' (2018). नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला, राही अनिल बर्वेंचा. त्यातल्या हस्तर नावाच्या लोभी देवपुत्राला सोनं मिळालं, धान्य नाही, म्हणून तो कायम भुकेला, म्हणून त्याच्यापुढं कणकेची बाहुली टाकायची आणि स्वतः पिठाच्या रिंगणात थांबायचं. एवढाच नियम, पण पक्का. शेवटी हाव सुटते, सोन्यामागं लागलेले बापलेक बाहुल्यांचा ढीग घेऊन खाली हस्तरपाशी उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर. घाबरवायला नवीन काही आणावंच लागलं नाही, आधी दाखवलेलं पीठच पुरलं.