जिरेटोप एकाच्या डोक्यावर, ताण अख्ख्या घराला

ऐतिहासिक सिनेमा किंवा मालिका यायची असली की त्यातल्या तरुण हिरोची मुलाखत ठरलेलीच, आणि तिच्यात तीन गोष्टी हमखास येतात. ही भूमिका मिळणं म्हणजे भाग्य, घोडेस्वारी शिकताना अंग मोडून निघालं, आणि घरच्यांनी साथ दिली म्हणून जमलं. पहिल्या दोन्हीची हेडलाइन होते, तिसरी आपण ऐकून सोडून देतो. मला मात्र ती तिसरीच जास्त इंटरेस्टिंग वाटते, कारण आपल्याकडे वीर पुरुषाची भूमिका करणाऱ्याच्या घरच्यांचं काय होतं ही गोष्ट शंभरेक वर्षांत पार बदललीय.

नाटक कंपन्यांच्या काळात ‘घरचा सपोर्ट’ वगैरे भानगडच नव्हती. पोरगं कंपनीत गेलं म्हणजे घरातून गेलं, कंपनीच त्याचं घर. केशवराव भोसले घ्या, कोल्हापूरचे, अगदी लहान वयात कंपनीत आले आणि 1908 साली स्वतःची ललितकलादर्श नाटक कंपनी काढली तेव्हा अजून विशीतसुद्धा पोचले नव्हते. जुलै 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’ नाटकाचा जो दोन कंपन्यांचा संयुक्त प्रयोग झाला त्यात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. आता धैर्यधर म्हणजे पराक्रमी गडी, रुबाबदार, स्वाभिमानी, त्या काळचा हिरोच म्हणा ना. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले, वय जेमतेम 31. (कोल्हापुरातलं त्यांच्या नावाचं नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये जळालं तेव्हा जुन्याजाणत्यांना जे रडू आलं ते उगाच नव्हतं.)

मग सिनेमा आला तोही कोल्हापुरातूनच. प्रभात फिल्म कंपनीच्या मूकपटांच्या काळात व्ही. शांताराम स्वतः शिवाजी महाराज झाले, ‘उदयकाल’मध्ये, तेव्हा ते तिशीच्या आतबाहेर. त्या चित्रपटाचं आधीचं नाव होतं ‘स्वराज्य तोरण’, पण इंग्रज सेन्सॉरला ‘स्वराज्य’ कसं चालणार, बदलायला लावलं. म्हणजे तेव्हा अशा भूमिकेचा धोका होता तो सरकारचा. प्रेक्षक पूर्ण तुमच्या बाजूने.

पुढे दिग्दर्शक भालजी पेंढारकर. त्यांच्या चित्रपटांनी महाराजांचा पडद्यावरचा चेहरा पक्का केला आणि तो चेहरा होता चंद्रकांत मांढरे यांचा. 1952 च्या ‘छत्रपती शिवाजी’त समोर मिर्झा राजा जयसिंग म्हणून पृथ्वीराज कपूर उभे आणि तरी नजर चंद्रकांतवरून हलत नाही. त्याआधी 1941 च्या ‘थोरातांची कमळा’त ते संभाजीही झाले होते. धाकटा भाऊ सूर्यकांत, तोही याच वाटेने आला आणि त्यानेही ऐतिहासिक भूमिका गाजवल्या, आत्मचरित्राला नावच दिलं ‘धाकटी पाती’. एका घरातले दोघं भाऊ, दोघेही स्टार, आणि वर भालजींसारखा वडीलधारा माणूस. इथे कंपनी आणि घर यातली रेघच पुसली गेली होती. गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळला तरी ते पुन्हा उभे राहिले, माणसं सोबत होती म्हणूनच.

आता घाणेकर. इथे थोडं थांबावंच लागेल.

डॉ. काशिनाथ घाणेकर पेशाने दाताचे डॉक्टर, 1962 मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’त संभाजी झाले. समोर महाराजांच्या भूमिकेत मास्टर दत्ताराम. नाटक तलवारबाजीचं नव्हेच, बाप आणि मुलगा एकमेकांशी भांडतायत, दुखावतायत, आणि आपण खुर्चीत अवघडून बसलोय. घाणेकरांची क्रेझ पुढे इतकी वाढली की जाहिरातीत सगळ्यांची नावं झाली की शेवटी ‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ असं छापायचे, आणि तेवढ्यावर हाउसफुल्ल. 1964 च्या ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये भालजींनी त्यांना महाराज केलं आणि जिजाऊ होत्या सुलोचनादीदी, ज्यांच्या मुलीशी, कांचनशी, त्यांनी पुढे लग्न केलं. कांचनताईंनी ‘नाथ हा माझा’मध्ये या माणसासोबतचं आयुष्य लिहिलंय. स्टेजवर ज्याला टाळ्या पडतात तो रात्री घरी येतो तेव्हा कोणत्या अवस्थेत येतो, हे बायकोच्या बाजूने इतकं उघडपणे त्याआधी आपल्याकडे फारसं कुणी लिहिलं नव्हतं. हिरो लोकांचा, निस्तरणं घरच्यांचं.

मधल्या काळात संभाजीराजांची लोकांच्या मनातली प्रतिमाच बदलली. वा. सी. बेंद्र्यांचं संशोधन 1960 चं, शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी 1979 ची. भरकटलेला राजपुत्र ही जुनी नाटकी प्रतिमा हळूहळू मागे पडली आणि धर्मवीर, पराक्रमी, विद्वान राजा पुढे आला. मामला किती नाजूक झाला होता ते 2017 च्या जानेवारीत कळलं, पुण्याच्या संभाजी उद्यानातून नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडला गेला, कारण त्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकातलं संभाजीराजांचं चित्रण. त्याच वर्षी टीव्हीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू झाली, नावातच सगळं आलं.

त्यात संभाजी झालेले अमोल कोल्हे, पुन्हा डॉक्टरच. 2008 ला नितीन देसाईंच्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत ते महाराज झाले तेव्हा वय 28. घरचा पोरगा एमबीबीएस होऊन अभिनयात जातो म्हटल्यावर कुठल्याही मराठी घरात काय वातावरण असेल ते सांगायला नको! 2019 मध्ये ते शिरूरचे खासदार झाले, आणि त्यात या भूमिकांचा वाटा नव्हता असं कोण म्हणेल. पण 2022 च्या जानेवारीत उलटं फिरलं. त्यांनी नथुरामची भूमिका केलेला, 2017 मध्ये शूट झालेला सिनेमा बाहेर आला आणि गदारोळ. नट आहे, वेगवेगळ्या भूमिका करणारच, हे लोकांना एरवी पटतं, महाराज केलेल्या माणसाबाबतीत पटत नाही.

आणि चिन्मय मांडलेकर. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, दिग्पाल लांजेकरांच्या सिनेमांत सलग महाराज. लोकांनी डोक्यावर घेतलं. मग एप्रिल 2024 मध्ये त्यांच्या मुलाच्या ‘जहांगीर’ या नावावरून सोशल मीडियावर ट्रोलिंग सुरू झालं, बायकोलाही त्यात ओढलं, आणि त्यांनी जाहीर केलं की यापुढे महाराजांची भूमिका करणार नाही. पोराचं नाव काय ठेवायचं हे आईबापांनी ठरवायचं, त्यात प्रेक्षकांचा काय संबंध, हे माझं सरळ मत. भूमिकेच्या बदल्यात अख्खं घर लिहून द्यायचं असा काही करार नसतो. नंतर निर्णय बदला म्हणून विनवणाऱ्या कमेंट्सही भरपूर आल्या, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

म्हणून रितेश देशमुखने 2024 च्या शिवजयंतीला ‘राजा शिवाजी’ जाहीर केला, दिग्दर्शक आणि महाराज दोन्ही स्वतः आणि निर्मितीत बायको जेनेलिया, तेव्हा मला ती नुसती बिझनेसची बातमी वाटली नाही. एवढी मोठी भूमिका घ्यायची तर जोडीदार सुरुवातीपासूनच आत असलेला बरा, बाहेर बसून शिव्या खाण्यापेक्षा.