तलावाकाठी मापक टिकटिकला म्हणजे पाणी किरणोत्सारी झाले का?

संरक्षित तलावाच्या काठी किरणोत्सार मोजणारे यंत्र टिकटिकले, तर पाण्यात किरणोत्सार मिसळला आहे, असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो.

प्रश्न पाण्याचा असल्याने ही काळजी रास्तच आहे; परंतु असे यंत्र पृथ्वीवर कोठेही पूर्ण गप्प राहत नाही. अवकाशातून विश्वकिरण सतत येत असतात आणि खडकांतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम-४० यांच्यामुळे जमिनीतूनही गॅमा किरण निघतात. नैसर्गिक स्रोतांतून माणसाला मिळणारी किरणोत्साराची जागतिक सरासरी मात्रा वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (ही मात्रा मोजण्याचे एकक) आहे. खानदेशातील काळ्या बेसाल्ट खडकामध्ये तर ही मूलद्रव्ये ग्रॅनाइटपेक्षा साधारणतः कमीच असतात.

पडताळणी करता येते. खानदेशातल्याच हतनूर किंवा अनेरच्या जलाशयाकाठी, परवानगी घेऊन, जमिनीपासून एक मीटर उंचीवर किमान दहा मिनिटांची सरासरी घ्यावी, कारण क्षणाक्षणाचा आकडा स्वभावतःच वरखाली होतो. मग नावेतून खोल पाण्यावर तेच मोजमाप करावे. तेथे आकडा सहसा घटतो, कारण तळाच्या खडकातून येणारे किरण पाणी अडवते. पाण्यातच गॅमा किरण सोडणारे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते, तर तो वाढला असता. जोराच्या पावसात मात्र हवेतील रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या विघटनातून बनलेली द्रव्ये खाली येऊन आकडा चढतो आणि काही तासांत उतरतो, म्हणून मोजणी कोरड्या दिवशी करावी.

पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे हातातले यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी नमुन्यातील अल्फा व बीटा किरणोत्सार प्रयोगशाळेतच तपासावा लागतो.