अग्रक्रम विपर्यय

एम्बेडेड (यंत्रातच बसवलेल्या) संगणक प्रणालीत जास्त अग्रक्रमाचे काम कमी अग्रक्रमाच्या कामापायी अडकून पडणे. अभियांत्रिकीच्या वर्गांत व कंपन्यांत ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ हाच शब्द रूढ आहे. मोटारीचे ब्रेक, विमानाचे नियंत्रण, पेसमेकर अशा ठिकाणी उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही, ते ठरल्या वेळेत यावे लागते. त्यामुळे हा दोष तेथे सर्वाधिक घातक ठरतो.

एकाच प्रोसेसरवर उच्च, मध्यम व निम्न अग्रक्रमाची तीन टास्क (कामे) चालू आहेत असे समजू. निम्न टास्कने सामायिक माहितीवरचे कुलूप (म्युटेक्स) २ मिलिसेकंदांसाठी घेतले आणि तेवढ्यात उच्च टास्कला तेच हवे झाले, तर ते थांबते. ही प्रतीक्षा अपरिहार्य आहे आणि ती आधी मोजताही येते. परंतु याच वेळी मध्यम टास्क जागे झाले, तर ते निम्न टास्कला बाजूला सारून प्रोसेसर घेते. त्याला कुलपाशी काहीच कर्तव्य नसते. ते २०० मिलिसेकंद चालले, तर उच्च टास्कही तेवढा वेळ खोळंबते. प्रतीक्षेला वरची मर्यादाच उरत नाही, हे या दोषाचे मर्म होय.

या समस्येचे पहिले स्पष्ट विवेचन बटलर लॅम्पसन व डेव्हिड रेडेल यांच्या १९८० मधील लेखात आढळते, असे सामान्यतः मानतात. झेरॉक्समध्ये मेसा या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘पायलट’ ही कार्यप्रणाली लिहिताना आलेले अनुभव त्यांनी त्यात मांडले. अनेक टास्क एकाच वेळी चालवणाऱ्या त्याआधीच्या प्रणालींतही हा दोष उद्भवला असणे संभवते. लॅम्पसन-रेडेल यांनी सुचवलेला उपाय मात्र दुर्लक्षिला जातो. कुलूप वापरणाऱ्यांपैकी सर्वांत वरच्या प्रक्रियेचा अग्रक्रम कुलपालाच द्यावा, असे त्यांनी म्हटले होते. पुढील ‘सीलिंग’ पद्धतीचे (प्रत्येक कुलपाला अग्रक्रमाची वरची पातळी आधीच ठरवून देण्याचे) बीज येथेच आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण मार्स पाथफाइंडर यानाचे. ते ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. हवामानविषयक माहिती गोळा करणे सुरू झाल्यावर त्याचा संगणक अधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. जमलेली माहिती शाबूत राही, पण त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. कार्यप्रणाली व्हीएक्सवर्क्स होती आणि उपकरणांच्या बसचे (माहिती वाहून नेणाऱ्या सामायिक वाहिनीचे) चक्र सेकंदाला ८ वेळा, म्हणजे दर ०.१२५ सेकंदाला फिरे. ‘बीसी-शेड’ टास्क पुढील चक्राची आखणी करी, तर ‘बीसी-डिस्ट’ आलेली माहिती वाटून देई. ‘बीसी-शेड’ जागे झाले तेव्हा ‘बीसी-डिस्ट’चे काम संपलेले नसेल, तर ती गंभीर चूक समजून रीसेट होई.

तपशिलांबाबत दोन वृत्तांत आहेत. डिसेंबर १९९७ मध्ये व्हीएक्सवर्क्स बनवणाऱ्या विंड रिव्हर कंपनीचे डेव्हिड विल्नर यांनी एका परिषदेत दिलेल्या व्याख्यानावरून संशोधक माइक जोन्स यांनी लिहिलेले टिपण खूप फिरले. त्यानुसार कुलूप सामायिक स्मृतीच्या ‘माहिती बस’वर होते आणि दुरुस्ती सी-इंटरप्रीटरमधून (सी भाषेतील आज्ञा थेट चालवणाऱ्या सोयीतून) झाली. यानाच्या उड्डाण-सॉफ्टवेअरचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज यांनी त्याच महिन्यात वेगळी हकिगत दिली. त्यांच्या मते बहुतेक माहिती सामायिक स्मृतीतून कुलपाविना जाई, फक्त हवामान टास्कची पाइपमधून (टास्कांमध्ये निरोप पोचवणाऱ्या सोयीतून) जाई. ‘सिलेक्ट’ या कार्यप्रणालीला घातलेल्या हाकेच्या (फंक्शन कॉलच्या) पोटात दडलेले म्युटेक्स हातात असतानाच ते टास्क बाजूला सारले गेले आणि ‘बीसी-डिस्ट’ त्याच म्युटेक्सपाशी अडकले. अग्रक्रम-वारसा (कुलूपधारकाला वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम) देणारा पर्याय त्या म्युटेक्ससाठी बंद होता. तो चालू करणारा बदल स्वतंत्र पॅच-पद्धतीने पाठवण्यात आला. रीव्ह्ज यांचा वृत्तांत प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा असल्याने तोच ग्राह्य धरणे इष्ट. असे रीसेट उतरण्यापूर्वीही दिसले होते, पण शोध घेताना ते पुन्हा घडवता आले नव्हते, हेही ते नमूद करतात. एम्बेडेड प्रणालींच्या चाचणीतील मूळ अडचण हीच आहे: दोष टास्कांच्या क्षणिक जुळणीवर अवलंबून असतो आणि ती जुळणी मागणीनुसार घडत नाही.

उपायांची शास्त्रीय मांडणी लुई शा, रगुनाथन राजकुमार व जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये केली. अग्रक्रम-वारशात कुलूपधारक टास्कला, वाट पाहणाऱ्याचा वरचा अग्रक्रम तात्पुरता मिळतो, त्यामुळे मध्यम टास्क आडवे येऊ शकत नाही. मात्र त्याने डेडलॉक (टास्क परस्परांच्या कुलपांसाठी कायमची अडून राहणे) टळत नाही आणि एकामागून एक कुलपांवर अडकण्याची साखळीही तुटत नाही. सीलिंग पद्धतीत दोन्ही टळतात, कारण टास्क फार तर एकाच कुलूपबंद भागापुरते अडते. पण कोणते टास्क कोणते कुलूप वापरणार हे आधीच ठाऊक असावे लागते. व्हिक्टर योडाइकेन यांनी २००२ मध्ये वारशालाच विरोध केला: तो खर्चिक असून चुकीची रचना झाकतो. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. तथापि बाहेरची लायब्ररी वापरताना आतली कुलपे दिसत नाहीत, हे पाथफाइंडरवरून उघड असल्याने वारसा पद्धत व्यवहारात टिकली. लिनक्समध्ये तिचा आधार वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमना २.६.१८ या आवृत्तीपासून (२००६) मिळतो.

बहुगाभा (मल्टीकोर) प्रोसेसरवर कुलूपधारक दुसऱ्याच गाभ्यावर चालू असू शकतो. तेथे नुसता अग्रक्रम वाढवून पुरत नाही आणि प्रतीक्षेची मर्यादा काढणे बरेच अवघड होते.