विजयांचे वजन: मुष्टियोद्ध्याचे मोठेपण कसे जोखावे?

रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ४९ लढती आणि ४९ विजय होते. मुहम्मद अली ६१ लढती लढला आणि त्यांपैकी ५ हरला, तर शुगर रे रॉबिन्सनच्या कारकिर्दीत १९ पराभव आहेत. तरीही सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण असे विचारले, की या खेळाचे जाणकार बहुधा रॉबिन्सनचे नाव आधी घेतात. वरवर पाहता हा निव्वळ आवडीनिवडीचा भाग वाटतो, पण संभाव्यताशास्त्राच्या कसोटीवर त्यांचे म्हणणे चांगलेच टिकते.

एखाद्या बॉक्सरची प्रत्येक लढत जिंकण्याची शक्यता ९० टक्के आहे असे समजू. हा खेळाडू निःसंशय उत्तम आहे, पण त्याने ओळीने ५० लढती जिंकण्याची शक्यता जेमतेम अर्धा टक्का भरते. हीच शक्यता प्रत्येक लढतीत ९९ टक्के असेल, तर ५० पैकी ५० जिंकण्याची शक्यता ६० टक्क्यांवर जाते. म्हणजे दीर्घकाळ अपराजित राहिलेला खेळाडू एक तर असामान्य असतो, किंवा त्याच्यासमोर फारसे बलवान प्रतिस्पर्धी आलेले नसतात, आणि यांपैकी खरे काय हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. व्यावसायिक मुष्टियुद्धात ही अडचण अधिकच बिकट होते, कारण तेथे साखळी स्पर्धेप्रमाणे प्रत्येकाला प्रत्येकाशी लढावे लागत नाही. कोणाशी, कधी आणि कोणत्या वजनात लढायचे हे व्यवस्थापक आणि आयोजक ठरवतात. उमेदीच्या काळातील प्रतिस्पर्धी तर बरेचदा हरण्याच्याच अपेक्षेने निवडलेले असतात.

बुद्धिबळाने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी तयार केलेली मानांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. या पद्धतीत दोन खेळाडूंच्या गुणांतील फरकावरून निकालाची अपेक्षा काढतात: फरक २०० गुणांचा असेल तर वरच्या खेळाडूला साधारण ७६ टक्के यशाची अपेक्षा असते, ४०० चा असेल तर ९१ टक्के आणि ८०० चा असेल तर ९९ टक्के. प्रत्यक्ष निकाल या अपेक्षेपेक्षा जितका वेगळा, तितकेच गुण बदलतात. त्यामुळे आपल्यापेक्षा ८०० गुणांनी खाली असलेल्याला हरवले, तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही, कारण त्या विजयाने नवे असे काहीच कळत नाही. फ्लॉइड मेवेदरचा पन्नासावा विजय या दृष्टीने पाहावा. २०१७ मधील त्या लढतीत समोर असलेल्या कॉनर मॅकग्रेगरने त्याआधी एकही व्यावसायिक मुष्टियुद्ध लढलेले नव्हते. मेवेदरचे खरे मोल २०१३ मध्ये त्याने हरवलेल्या तरुण, तोवर अपराजित असलेल्या कानेलो अल्वारेझसारख्यांवरून ठरते. पन्नासावी लढत मोजली काय आणि वगळली काय, त्यात फरक पडत नाही.

मात्र बुद्धिबळपटू वर्षभरात डझनावारी डाव खेळतो, तर अव्वल बॉक्सर आज वर्षाकाठी दोन-तीनदाच रिंगणात उतरतो. इतक्या थोड्या निकालांवरून काढलेले मानांकन डळमळीत राहते. शिवाय प्रतिस्पर्ध्याचे नाव तेच राहिले, तरी त्याची ताकद तीच राहत नाही. १९५१ मध्ये मार्सियानोने हरवलेला जो लुई ३७ वर्षांचा होता. १९३७ ते १९४९ या काळात २५ वेळा जगज्जेतेपद राखणारा लुई तो नव्हता. मार्सियानोवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे, की १९५२ मध्ये ज्या जर्सी जो वॉलकॉटकडून त्याने विजेतेपद घेतले, तो ३८ वर्षांचा असूनही त्या रात्री तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर पुढे होता, आणि तेराव्या फेरीतल्या एका ठोशाने निकाल फिरला. वय पाहून प्रत्येक विजयाची किंमत सरसकट कमी करणे त्यामुळे चुकीचे ठरते. त्या दिवशीचा प्रतिस्पर्धी कसा लढला, हे पाहावेच लागते.

याहून खोल अडचण अशी, की मुष्टियुद्धात ‘अ’ने ‘ब’ला आणि ‘ब’ने ‘क’ला हरवले म्हणून ‘अ’ ‘क’ला हरवेलच असे नसते. जॉर्ज फोरमनने १९७३ मध्ये जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले आणि १९७४ मध्ये केन नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवले. अलीला मात्र हेच दोघे कमालीचे जड गेले: फ्रेझरशी त्याच्या तीन लढती मिळून ४१ फेऱ्या झाल्या, नॉर्टनशी तीन लढतींत ३९, आणि दोघांकडून तो एकेकदा हरलाही. साधा हिशेब केला तर फोरमनपुढे अलीचा टिकाव लागायला नको होता. पण ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासा येथे अलीने दोरांना टेकून फोरमनला दमवले आणि आठव्या फेरीत नॉकआउट केले. पुढे पुढे सरकत अंगाशी भिडणारा फ्रेझर फोरमनच्या ठोशांच्या टप्प्यात आपणहून येत असे. अली तसा येत नव्हता, आणि आला तरी मार सोसून शांत राहत होता. कोणत्याही एका आकड्यात मावणार नाही असा हा शैलींचा संबंध आहे. म्हणूनच प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाइतकेच त्यांचे वैविध्यही मोजले पाहिजे, आणि अलीचे ५ पराभव ध्यानात घेऊनही मला त्याची कारकीर्द मार्सियानोच्या कारकिर्दीपेक्षा वजनदार वाटते, ती याच कारणाने.

मग कौशल्य स्वतंत्रपणे मोजता येईल का? १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी हेवीवेट फ्रँक ब्रूनोच्या ठोशाचे मापन केले. सुरुवातीपासून ०.१ सेकंदाच्या आत त्याची मूठ ४९ सेंटिमीटर अंतर कापून सेकंदाला ८.९ मीटर वेगाने लक्ष्यावर आदळली, आणि त्या क्षणी ४,०९६ न्यूटन इतके बल नोंदले गेले. त्यातील वेळेचा आकडा बलाच्या आकड्यापेक्षा अधिक बोलका आहे. डोळ्यांना काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. ठोसा निघालेला पाहून मग तो चुकवायचा म्हटले, तर तोवर तो लागलेला असतो. चांगला बॉक्सर ठोशाची वाट पाहत नाही. समोरच्याच्या खांद्याची हालचाल, पुढच्या पायावर सरकणारे वजन, कोपराची उघडझाप यांवरून पुढे काय येणार याचा तो आधीच अंदाज बांधतो. या अंदाजालाच फसवण्यासाठी हुलकावणी असते. ज्याचा प्रत्येक ठोसा खांद्यावरून आधीच कळतो, अशा प्रतिस्पर्ध्यासमोर कोणाचाही बचाव देखणा दिसेल. बचावाची परीक्षा होते ती हुलकावणी देता येणाऱ्यासमोरच. त्यामुळे कौशल्य आणि प्रतिस्पर्ध्याची प्रत या दोन वेगळ्या कसोट्या मानणे मला पटत नाही. पहिली दुसरीशिवाय दिसूच शकत नाही.

लागलेले ठोसे मोजूनही सगळे सुटत नाही. १९९९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला लेनॉक्स लुईसचे ३४८ आणि इव्हँडर होलिफिल्डचे १३० ठोसे लागल्याची नोंद झाली, तरी लढत बरोबरीत सुटली. नोंदवहीत ती आजही बरोबरीच आहे. ती चित्रफीत पाहणाऱ्याला मात्र वेगळेच दिसते.

आता रॉबिन्सनच्या १९ पराभवांकडे पाहू. ऑक्टोबर १९४० पासून जुलै १९५१ पर्यंत तो एकदाच हरला, फेब्रुवारी १९४३ मध्ये, आणि तोही वजनाने बराच जड असलेल्या जेक लामोटाकडून. त्याच महिन्यात त्याने लामोटाला पुन्हा गाठून हरवले. पुढे मिडलवेट जगज्जेता झालेल्या या माणसाशी तो एकूण सहा वेळा लढला आणि पाच वेळा जिंकला. दोघे एकमेकांना पुरते ओळखून असताना, लामोटाची आक्रमक शैली वारंवार समोर येत असताना मिळालेले हे पाच विजय आहेत. उरलेले १८ पराभव त्यानंतरचे, तिशी ओलांडल्यापासून १९६५ मध्ये ४४ व्या वर्षी थांबेपर्यंतचे. उमेदीच्या काळातील रॉबिन्सन किती श्रेष्ठ होता याचा हिशेब मांडताना त्यांतल्या अखेरच्या वर्षांतील पराभवांना फारच थोडे वजन द्यावे लागेल.