नवे बूट, लांब पल्ला: मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या ग्राहकांसाठी

बूट पसंत पडले की बरेच ग्राहक विचारतात, "सैल व्हायला किती दिवस लागतील?" आमचे उत्तर ठरलेले आहे: सैल होण्याची वाट पाहावी लागणार असेल, तर ते बूट घेऊ नका. चामड्याचा बूट वापराने पसरतो. धावण्याच्या बुटाचा वरचा भाग बहुधा कृत्रिम धाग्याच्या जाळीचा असतो आणि तो फारसा ताणला जात नाही. दुकानात करंगळीला चावणारा बूट तिसाव्या किलोमीटरलाही चावणारच, कारण तोवर पाय सुजलेला असतो. म्हणूनच माप संध्याकाळी घ्यावे आणि पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडावी. अनेकांचे अंगठ्याशेजारचे बोट जास्त लांब असते, तेही पाहा. नखे काळी पडतात ती बहुतेकदा ही जागा कमी पडल्यामुळे.

मग रुळवायचे काय? थोडा बूट आणि बराचसा पाय. तळाचा फोम पहिल्या काही धावांत किंचित मऊ होतो, एवढेच. खरी सवय व्हावी लागते ती पोटरीला आणि टाचेमागच्या शिरेला. बहुतेक बुटांत टाच चवड्यापेक्षा काही मिलिमीटर उंच असते. या फरकाला ड्रॉप म्हणतात. तुमच्या जुन्या बुटाचा ड्रॉप 10 मिमी असेल आणि नव्याचा 4, तर प्रत्येक पावलाला पोटरी जास्त ताणली जाते. 42.195 किलोमीटरमध्ये अशी चाळीस हजारांच्या आसपास पावले पडतात. ड्रॉप बदलत असाल तर घाई अजिबात करू नका.

पहिले दोन-तीन दिवस बूट घरातच घालून वावरा, तेही धावताना वापरता तेच मोजे घालून. बाहेर न वापरलेली जोडी आम्ही बदलून देतो, त्यामुळे शंका असेल तर याच दिवसांत या. नंतर 3 ते 5 किलोमीटर, आरामाच्या गतीने, एक दिवस नवे आणि एक दिवस जुने. जुने बूट इतक्यात टाकू नका. नव्या जोडीत 30-40 किलोमीटर झाले आणि कुठेही कुरकुर नसेल, तरच त्यात लाँग रन, म्हणजे सरावातली लांब धाव, करा. शर्यतीच्या दिवसापर्यंत या जोडीत एक तरी 25 किलोमीटरच्या पुढचा रन झालेला असावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. हे सगळे बसवायचे तर खरेदी शर्यतीच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हायला हवी. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सराव कमी केलेला असतो, तेव्हा नवा बूट काढू नये. कार्बन प्लेटचा, म्हणजे तळात कार्बन फायबरची ताठ पट्टी असलेला, बूट फक्त शर्यतीसाठी राखून ठेवणार असाल, तरी एखादा वेगाचा सराव आणि एक लांब धाव त्यात कराच. त्याचा ताठपणा पोटरीला आणि तळव्याला नवा असतो.

प्रत्येक धावेनंतर मोजे काढून पाय नीट पाहा. टाचेवर किंवा करंगळीच्या कडेला लालसर डाग दिसला तर फोड येण्याची ती पहिली खूण. डाग दर वेळी एकाच जागी येत असेल तर लेस किंवा माप चुकते आहे. टाच वरखाली सरकत असेल तर सर्वांत वरचे रिकामे छिद्र वापरा: लेस त्याच बाजूच्या शेवटच्या छिद्रात घालून छोटा फासा ठेवा, दोन्ही टोके समोरासमोरच्या फाशांतून ओवा, खालच्या दिशेने ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते. सुती मोजे मात्र टाळा. ते घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात.

टाचेमागे किंवा नडगीत दुखू लागले आणि विश्रांती घेऊनही थांबत नसेल, तर बूट रुळायची वाट पाहू नका. फिजिओथेरपिस्टला दाखवा.

सर्वसाधारण जोडी 500 ते 800 किलोमीटर साथ देते, म्हणून पहिल्या दिवसापासून अंतर लिहून ठेवा. बूट ओले झाले तर आतले तळ बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवल्यास डिंक सुटतो. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, ओल्या ब्रशने पुसणे पुरेसे आहे.