ब्लॉक घ्यायला निघण्याआधी : स्तनाच्या कर्करोगातील जीनोमिक चाचणीविषयी

केमो द्यायची की नुसत्या हार्मोनच्या गोळ्यांवर भागेल, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी जीनोमिक चाचणी सुचवली की नमुना पाठवायचे काम आमच्याकडे येते. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला : "रक्त द्यायला कधी येऊ?" रक्त नको. बीआरसीए या जनुकांची आनुवंशिक तपासणी रक्तावर होते, ती वेगळी. इथे तपासायची असते ती काढलेली गाठ. तिच्यातली ठरावीक जनुके किती सक्रिय आहेत (ऑन्कोटाइप या चाचणीत २१, मॅमाप्रिंट या चाचणीत ७०) यावरून आजार उलटण्याचा धोका काढतात.

ही गाठ मेणाच्या ब्लॉकमध्ये पॅथॉलॉजी विभागात ठेवलेली असते. घोळ होतो तो इथेच. एका ऑपरेशनचे ब्लॉक अनेक असतात : काहींत गाठ, काहींत कडेचा भाग, काहींत काखेतल्या ग्रंथी. घरचे कुणी खिडकीवर जाऊन "ब्लॉक द्या" म्हणतात, हाती येईल तो घेऊन येतात, आणि त्यात निघते नुसती चरबी. पुन्हा अर्ज, पुन्हा फेरी, आणि तोवर उपचाराचा निर्णय अडून बसतो.

म्हणून ब्लॉक नंबरानेच मागा. बायोप्सी रिपोर्टमध्ये कुठल्या नंबरात काय आहे ते लिहिलेले असते, उदाहरणार्थ "ए१ ते ए४ गाठ". त्यातला इन्व्हेझिव्ह (आजूबाजूच्या पेशींत घुसलेला) भाग सर्वांत जास्त कशात आहे, ते तिथल्या पॅथॉलॉजिस्टना विचारा. ऑपरेशनआधीच केमो झाली असेल, तर केमोपूर्वीच्या बायोप्सीचा ब्लॉक लागतो. रंगवलेल्या काचा आणू नका, त्या इथे उपयोगाच्या नाहीत.

आलेला ब्लॉक आम्ही लगेच रवाना करत नाही. एक काप काढून आमचे पॅथॉलॉजिस्ट गाठ पुरेशी आहे का ते पाहतात. "एक दिवस फुकट घालवता" असे ऐकून घ्यावे लागते. घेतो. प्रयोगशाळेतून "नमुना अपुरा" असा निरोप येण्यापेक्षा तो एक दिवस स्वस्त पडतो. ईआर (गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे का) आणि हर-टू (गाठ वाढवणारे एक प्रथिन) यांचा रिपोर्टही आधी मागतो, कारण ऑन्कोटाइपचा केमोसाठीचा आकडा हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह गाठींसाठी आहे. ट्रिपल निगेटिव्हसाठी, म्हणजे दोन्ही हार्मोन आणि हर-टू असे तिन्ही निगेटिव्ह असलेल्या गाठीसाठी, कुणी ही चाचणी मागितली, तर आम्ही ऑर्डर घेत नाही.

निकालाचा अर्थ आमच्या काउंटरवर विचारू नका, मावशीच्या आकड्याशीही ताडून पाहू नका. २०१८ च्या टेलरएक्स अभ्यासात, काखेतल्या ग्रंथींत आजार नसलेल्या आणि ऑन्कोटाइपचा स्कोअर (आकडा) ११ ते २५ असलेल्या स्त्रियांना एकंदरीत केमोचा वेगळा फायदा दिसला नाही. पण पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांत १६ ते २५ ला थोडा दिसला. म्हणजे २० हा एकच आकडा वेगवेगळ्या वयाच्या दोघींना दोन वाटा दाखवू शकतो. ते डॉक्टरांशीच बोला.

निघण्याआधी रिपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. कोणता नंबर मागायचा त्यावर खूण करून परत पाठवतो. याचे पैसे घेत नाही, चाचणी आमच्याकडून केली नाही तरी. काम झाले की ब्लॉक परत मिळतो. तो आणताना उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. शेवटी मेणच ते.