ब्राउझर कॅशेची साफसफाई

क्रोम, फायरफॉक्स, एज असे ब्राउझर साइट बघता बघता आपल्या डिस्कवर ज्या तात्पुरत्या फायली गोळा करून ठेवतात त्या उडवायच्या, याला ब्राउझर कॅशे साफ करणं म्हणतात. घरचा पीसी रेंगाळायला लागला की बहुतेक घरांत पहिला इलाज हाच होतो. इलाज तसा निरुपद्रवी आहे, पण नव्वद टक्के वेळा दुखणं भलतंच असतं (नव्वद हा आपला बोलायचा आकडा, मोजलेला नाही).

शब्द फ्रेंचमधल्या लपवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय आणि इंग्रजीत त्याचा उच्चार रोख पैशाच्या कॅशसारखाच होतो, पण आपल्याकडे सगळे कॅशेच म्हणतात आणि ते एका अर्थी बरंच आहे, कारण फोनवर कुणी "आधी कॅश क्लिअर करा" म्हटलं की आमच्या घरातली ज्येष्ठ मंडळी ताबडतोब सावध होऊन फोन ठेवून देतात.

हे कशासाठी असतं ते आधी बघू. एक पान उघडलं की त्याच्यासोबत लोगो, फोटो, फॉन्ट, स्क्रिप्ट अशा पन्नास गोष्टी येतात आणि त्याच साइटवर उद्या परत गेलं की बऱ्याचशा तशाच असतात, मग परत कशाला ओढायच्या, म्हणून ब्राउझर त्या ठेवून देतो. किती दिवस ठेवायच्या ते सर्व्हरच सांगतो, कॅशे कंट्रोल नावाच्या ओळीत सेकंदांचा आकडा येतो, ३१५३६००० दिसलं तर समजायचं वर्षभर ठेव. मुदत संपली तरी ब्राउझर लगेच टाकून देत नाही, सर्व्हरला विचारतो की बदललंय का, आणि सर्व्हरने ३०४ एवढं उत्तर दिलं की जुनीच फाइल वापरतो. ही पद्धत १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमावलीत, नीट बसवली गेली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट चालू केलं, त्यानंतरची कित्येक वर्षं घरोघरी फोनच्या तारेवरून चालणारं डायल-अपच होतं, आणि ५६ केबीपीएसचा (सेकंदाला ५६ किलोबिटचा, आठ बिटांचा एक बाइट) मोडेम अगदी पूर्ण जोरात चालला तरी सेकंदाला ७ केबी, म्हणजे १०० केबीचा एक फोटो यायला चौदा-पंधरा सेकंद. तेव्हा कॅशे नसता तर लोकांनी नेट सोडूनच दिलं असतं.

मग हाच कॅशे खलनायक कसा झाला? त्याला आपल्याकडचं एक खास कारण आहे. असेंबल केलेला पीसी दुकानातून यायचा तोच सी, डी, ई असे तुकडे पाडून, त्यात सी सगळ्यात लहान, आणि विंडोज, प्रोग्रॅम, डेस्कटॉपवरचे फोटो, ब्राउझरचा कॅशे सगळं त्याच सी मध्ये. डी आणि ई मध्ये जुने सिनेमे नाहीतर निव्वळ मोकळं मैदान. दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की सी ची पट्टी लाल होते. विंडोजला रॅम कमी पडली की ती डिस्कवरच्या पेजफाइलवर भागवते, अपडेटलाही जागा लागते, ती मिळेना की सगळं गुदमरतं. अशा वेळी कॅशे काढून एखाद जीबी मोकळा झाला तर फरक खरंच पडतो. त्यात फिरणारी हार्ड डिस्क असेल तर हजारो बारक्या फायली इकडेतिकडे विखुरलेल्या असतात, आणि एनटीएफएसवर (विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत) साधारण ४ केबीचा एक खण असतो म्हणून एक-दोन केबीची फाइलही पूर्ण खण अडवून बसते.

पण कॅशे काही अमर्याद वाढत नाही हे लोक विसरतात. त्याला मर्यादा असते, डिस्क किती मोकळी आहे ते बघून ब्राउझर ती ठरवतो, आणि भरत आलं की बऱ्याच दिवसांत न लागलेल्या फायली स्वतःच काढतो. त्यामुळे दर आठवड्याला नेमाने सफाई करणाऱ्याचा पीसी फास्ट होत नाही, उलट पुढचे एकदोन दिवस प्रत्येक साइट हळू उघडते कारण सगळं परत डाउनलोड होतं, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाच्या दीड जीबीत भागवायचं असेल तर तो डेटाही जातो.

करायचं कसं ते सोपं आहे. ब्राउझर उघडा, कंट्रोल, शिफ्ट, डिलीट एकदम दाबा, खिडकी येते, काळ "सगळा" निवडा, आणि फक्त साठवलेल्या इमेज आणि फायलींवर टिक ठेवा. गडबड होते ती इथेच. कुकीज आणि साइट डेटाची टिक राहिली तर सगळीकडून लॉगआउट होतं, ब्राउझरमधलं व्हॉट्सॲप परत क्यूआर कोड मागतं, आणि पासवर्डची टिक पडली तर विचारूच नका, कारण वीजबिलाच्या साइटचा पासवर्ड कुणालाच आठवत नसतो, तो फक्त ब्राउझरला माहीत असतो. याच्या उलटही होतं. कॅशे काढला तरी क्रोमचं फोल्डर फुगलेलंच दिसतं, कारण काही साइट ऑफलाइन चालण्यासाठी स्वतःचं वेगळं कोठार करतात आणि ते साइट डेटात मोजलं जातं, कॅशेत नाही. शिवाय घरातल्या तिघांची तीन प्रोफाइल असतील तर कॅशेही तीन, प्रत्येकातून वेगळा काढावा लागतो.

कॅशे आत कसा दिसतो याची उत्सुकता असेल तर फायरफॉक्समध्ये अबाउट कोलन कॅशे हे पान उघडून बघा, किती फायली आणि किती जागा सगळं लिहिलेलं असतं. क्रोमच्या फोल्डरमध्ये मात्र एफ अंडरस्कोर आणि पुढे आकडे अशी अगम्य नावं, एक्सटेन्शनही नाही, त्यामुळे कुठली फाइल कशाची ते नुसतं बघून कळत नाही.

याच्या जोडीला एक पारंपरिक विधी आहे. विंडोज आणि आर दाबून आलेल्या खिडकीत टेम्प टाइप करायचं, मग परसेंट टेम्प परसेंट, मग प्रीफेच, आणि उघडलेल्या तिन्ही फोल्डरांत सगळं सिलेक्ट करून उडवायचं आणि शेवटी डेस्कटॉपवर चार-पाच वेळा रिफ्रेश मारायचं. टेम्पचं ठीक आहे, जी फाइल वापरात असेल ती विंडोज उडवूच देत नाही. प्रीफेच मात्र एक्सपीपासून प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणूनच ठेवलेलं असतं, ते उडवून पीसी फास्ट होईल ही समजूत उलटी आहे. आणि रिफ्रेशने फक्त मनाला बरं वाटतं. फुकटची क्लीनर सॉफ्टवेअरही जपूनच, २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच मालवेअर घुसवलं गेलं होतं आणि ती वीस लाखांहून जास्त मशीनवर गेली.

कॅशे काढायचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी होतो. साइट बदललीये पण आपल्याला जुनंच पान दिसतंय, ऑनलाइन फॉर्मचं बटण दाबलं जात नाही, मांडणी विस्कटलीये, अशा वेळी. तिथेही आधी कंट्रोल आणि एफ ५ दाबून बघावं, तेवढ्या एका पानापुरतं सगळं ताजं येतं आणि बहुतेक वेळा काम होतं.

स्लो पीसीसाठी मात्र आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के लागून राहिलंय की मेमरी भरलीये ते तिथे दिसतं. आमच्या एका काकांच्या पीसीवर सगळा कॅशे काढला तरी सी लालच, शेवटी डाउनलोड्स उघडलं तर एकच आधारची पीडीएफ कंसात १ पासून ७ पर्यंत, आणि मागच्या कुणाच्या तरी लग्नाचा अख्खा व्हिडिओ दोनदा. तो डी मध्ये नेला, दुसरी प्रत उडवली आणि पट्टी निळी झाली. पीडीएफना हात लावू दिला नाही, म्हणाले राहू देत, लागतात.